गळा आणि गाणे

गाणे ऐकायला सर्वांनाच आवडते. परंतु गाणे म्हणणे हे ज्यांना देवाने गळा दिला आहे त्यांचेच काम, अशी एक समजूत आपल्याकडे चांगली रुजली आहे. ती फार जुनी मात्र नाही. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाईला गळा आहे की नाही, हे कोणी तपासून पाहिले नव्हते. भाद्रपद-आश्विनात भुलाबाईपुढे बसून गाणाऱ्या विदर्भातल्या मुलींची कोणी परीक्षा घेतली नव्हती. त्या गाण्यांची चाल चार-पाच स्वरांत फिरे, एकीचा श्वास संपला तर दुसरी ओळ उचलून धरी, आणि म्हणून सगळ्याजणी गात असत. पुढे ध्वनिमुद्रिका आल्या, रेडिओ आला, बोलपट आले, आणि अत्युत्तम गाणे घरोघर पोचले. हा लाभ थोडा नव्हे. परंतु त्या उत्तमाशी स्वतःच्या आवाजाची तुलना होऊ लागली, आणि गाणारी बाई हळूहळू ऐकणारी झाली.

गेल्या काही वर्षांत हे चित्र पालटू लागले आहे, आणि त्याला कारण झाले आहे ते जपानातून आलेले एक साधन. त्याचे नाव कराओके. गाण्यातला गायकाचा आवाज वगळून केवळ वाद्यमेळ वाजवायचा, शब्द पडद्यावर दाखवायचे आणि गायकाची रिकामी जागा ज्याला हवी त्याने भरून काढायची, एवढाच हा प्रकार. पूर्वी त्यासाठी यंत्र विकत घ्यावे लागे. आता खिशातल्या मोबाइलवरही काम भागते. गणेशोत्सव, कोजागिरी, हळदीकुंकू, सेवानिवृत्तीचा समारंभ अशा प्रसंगी पेटी-तबल्याची जुळवाजुळव न करताही गाण्याचा कार्यक्रम होऊ शकतो, आणि ज्यांनी जन्मात कधी माइक धरला नाही अशा स्त्रिया त्यात पुढे येतात. अशा स्त्रियांनी गाणे कोणते निवडावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. वस्तुतः तो तसा नाही.

भिलईचा सेक्टर २ डोळ्यांपुढे आणला तर हे अधिक स्पष्ट होईल. १९५५ साली भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यात करार झाला आणि दुर्ग जिल्ह्यात पोलादाचा प्रचंड कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. हा मुलूख तेव्हा मध्य प्रदेशात होता. २००० सालापासून तो छत्तीसगडात आहे. कारखान्याबरोबर वसाहत आली. तिचे सेक्टर पडले, सेक्टरांत क्रमांकांचे रस्ते आणि रस्त्यांवर क्वार्टर्स. या वसाहतीत आंध्रातले, बंगालातले, केरळातले, पंजाबातले, ओरिसातले लोक आले. विदर्भ तर रेल्वेने जवळच, त्यामुळे मराठी कुटुंबेही आली. अशा वस्तीत एका भिंतीपलीकडे तेलुगू तर दुसऱ्या भिंतीपलीकडे बंगाली ऐकू येते. सर्वांची सामाईक ठेव म्हणजे हिंदी चित्रपटांतील गाणे.

तेथल्या घरांचे घड्याळही निराळे. कारखाना रात्रंदिवस चालतो. रातपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो, आणि दोन-तीन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये भांड्याचा आवाजदेखील जपून करावा लागतो. अशा घरात ज्या बाईने आयुष्य काढले, तिने गाणे म्हटले असेल ते पोळ्या लाटताना आणि खालच्या आवाजात. तिचा गळा गोड असू शकतो, तालाची जाणही पक्की असू शकते; परंतु तिच्या आवाजाला सवय लागलेली असते ती खर्जाकडच्या, शांत स्वरांची.

आता तीच बाई उत्सवाच्या मंडपात उभी राहते. गाणे लता मंगेशकरांचे असते; लहानपणापासून हजार वेळा ऐकलेले. वाद्ये सुरू होतात. धृपद जेमतेम पार पडते. अंतऱ्याची पहिली ओळ येते, चाल एकदम तारसप्तकात चढते आणि आवाज फाटतो. ती थांबते; वाद्ये थांबत नाहीत. पुढची ओळ हातची निसटते, पडद्यावरचे शब्द रंग बदलत पुढे पळतात. खाली बसलेले लोक सौजन्याने टाळ्या वाजवतात. बाई जागेवर येऊन बसते आणि मनाशी ठरवते की, आपल्याला गाता येत नाही. पुढल्या वर्षी नाव विचारायला कोणी आले, तर ती हसून नको म्हणते. नुकसान घडते ते येथे. पन्नासाव्या वर्षी मोठ्या धैर्याने घेतलेला माइक पुन्हा हाती येत नाही, आणि तोही एका चुकीच्या निष्कर्षामुळे. तिचा गळा वाईट नव्हता. गाणे तिच्या गळ्याच्या मापाचे नव्हते, इतकेच.

हे माप पूर्वी कोण घेत असे? साथीदार घेत असे. भजनी मंडळात पेटी वाजवणारा नव्या गाणाऱ्या बाईला आधी विचारतो, ‘‘ताई, पट्टी कोणती धरू?’’ तिला सांगता आले नाही, तर तो तिला एक ओळ म्हणायला लावतो आणि स्वर ओळखून त्या पट्टीत पेटी धरतो. ती ओळ विसरली तर तो मागे फिरतो, श्वास कमी पडला तर स्वर भरून काढतो, ती घाईला आली तर तबलजीला डोळ्याने खूण करतो. ऐकणाऱ्याला यातले काही कळत नाही, आणि ते कळू न देण्यातच साथीची खरी विद्या आहे. कराओकेच्या यंत्रात सारी वाद्ये आहेत. हा माणूस मात्र नाही.

नवल असे की, कराओकेचा जन्म अशाच एका साथीदाराच्या हातून झाला. जपानातील कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचे एक वादक रात्रीच्या मद्यगृहांत गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करीत. गिऱ्हाइके ती हौशी. त्यांचा सूर डळमळीत, ताल त्याहून डळमळीत. त्यांना सांभाळून घेण्यात इनोउए यांचा हातखंडा होता. एका व्यावसायिकाने त्यांना आपल्याबरोबर सहलीला येऊन साथ करण्याची गळ घातली. जाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी त्या गृहस्थाच्या गळ्याला मानवेल अशा बेताने साथ फितीवर मुद्रित करून दिली. यातूनच १९७१ साली त्यांचे यंत्र जन्माला आले. मोटारीत वापरण्याजोगा फितीचा वादक, माइक आणि नाणे टाकण्याची पेटी यांची ती जोडणी होती. अशी ११ यंत्रे त्यांनी कोबेतील मद्यगृहांना भाड्याने दिली. त्याआधी १९६७ साली शिगेइची नेगिशी यांनीही अशाच धर्तीचे यंत्र बनवले होते, त्यामुळे पहिला मान कोणाचा याविषयी मतभेद आहेत. इनोउए यांनी एकस्व घेतले नाही. जगभर पसरलेल्या या धंद्यातला मोठा लाभ त्यांच्या वाट्याला आला नाही. २००४ साली मात्र त्यांना शांततेचे ‘इग नोबेल’ हे विनोदी पारितोषिक मिळाले. लोकांना एकमेकांना सहन करायला शिकवणारा नवा मार्ग त्यांनी दाखवला, असे त्यामागचे मिस्कील कारण होते.

‘कराओके’ या शब्दात ‘कारा’ म्हणजे रिकामे आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्रा शब्दाच्या जपानी उच्चाराचे लघुरूप. आरंभी हा रिकामा वाद्यमेळ मद्यगृहांत, म्हणजे मुख्यतः पुरुषांच्या जगात वाजत होता. १९८० नंतरच्या दशकात ओकायामा भागात मालवाहू डबे सजवून त्यांत गाण्याच्या छोट्या खोल्या करण्यात आल्या. ही कल्पना जपानभर पसरली. परक्यांच्या नजरेपासून दूर, चार मैत्रिणी किंवा घरची माणसे मिळून गाऊ लागली, आणि कराओके खऱ्या अर्थाने स्त्रियांचेही झाले. जेथे हसे होण्याची भीती नाही तेथेच नवा गळा मोकळा होतो, हे त्या खोल्यांनी दाखवून दिले. पुण्यातल्या पु. ल. देशपांडे उद्यानामुळे ओकायामा हे नाव अनेकांच्या ओळखीचे आहे. पुणे-ओकायामा मैत्रीचे ते उद्यान ओकायामाच्याच प्रसिद्ध बागेच्या धर्तीवर रचले आहे. गाण्याच्या खोलीचे मूळही त्याच मुलखातले.

साथीदार गेला आणि यंत्र राहिले, तेव्हा साथीदाराचे काम कोणी तरी करायला हवे. ते आता गाणाऱ्या बाईवरच येऊन पडले आहे, आणि माइक हाती घेण्यापूर्वीच ते उरकावे लागते. गाण्याची निवड म्हणजेच हे काम होय.

या निवडीतली पहिली गोष्ट म्हणजे गाण्याचा आवाका. न शिकलेल्या गळ्याला साधारणपणे एक ते दीड सप्तक सुखाने पेलते. पुष्कळजणी गाणे पारखताना केवळ धृपद म्हणून पाहतात. तेवढे जमले की गाणे जमले असे मानतात. परंतु आपल्या बहुतेक चित्रगीतांत आणि भावगीतांत धृपद मध्यसप्तकात विसावते आणि अंतरा वर चढतो. म्हणून गाण्याची परीक्षा अंतऱ्याच्या सर्वांत उंच ओळीपासून करावी. ती ओळ घरात बसून, न ओरडता, तीन वेळा म्हणता आली तर गाणे आपले. नंतर सर्वांत खालची ओळ पाहावी. ती नुसती पुटपुटल्यासारखी होत असेल तर तेही गाणे सध्या बाजूला ठेवावे.

दुसरी गोष्ट पट्टीची. पेटीवर गाणाऱ्या स्त्रिया पुष्कळदा काळी चार किंवा तिच्या आसपासचा षड्ज धरतात. पुरुष काळी एकच्या आसपास असतात. पण हा झाला ढोबळ ठोकताळा. प्रत्येकीचा षड्ज निराळा असतो, आणि चाळिशी-पन्नाशीनंतर स्त्रियांचा आवाज थोडा खाली उतरतो हे स्वाभाविकच आहे. विशीत जे गाणे सहज येई ते आता येत नाही, यात खंत करण्याजोगे काही नाही. सप्तकाचे बारा भाग असतात, आणि कराओकेच्या बहुतेक साधनांत त्यांतल्या एकेका भागाने गाणे वर-खाली करण्याची सोय असते. लताबाईंचे गाणे दोन किंवा तीन घरे उतरवले की कितीतरी गळ्यांना ते सहज मानवते. चार-पाच घरांच्या पलीकडे मात्र वाद्यांचा आवाज विद्रूप होऊ लागतो. तेव्हा गाणेच बदलणे बरे. जपानात कराओकेला बसलेली पुष्कळ माणसे ही कळ वापरतात, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आपल्याकडे मात्र पट्टी उतरवणे म्हणजे हार खाणे असे अजूनही काहींना वाटते. पेटीवाल्याने पट्टी बदलली तर ती साथ, आणि बाईने कळ दाबली तर ती हार, हा न्याय कोणता?

तिसरी गोष्ट श्वासाची. संथ गाणे सोपे असा सार्वत्रिक गैरसमज आहे. अतिसंथ गाण्यात स्वर लांबवावा लागतो, आणि लांबवलेल्या स्वरातच कंप उघडा पडतो. फार द्रुत गाण्यात शब्द अडखळतात. नव्या गळ्याला मध्यलय बरी. ओळी आखूड, आणि प्रत्येक ओळीनंतर श्वासाला जागा असलेल्या. चौथी गोष्ट प्रवेशाची. दोन कडव्यांमधले वाद्यसंगीत संपून गाणे नेमके कोठे उचलायचे, हे यंत्र सांगत असले तरी डोळ्यांपेक्षा कानावर विसंबणे चांगले. मूळ गाणे चार दिवस लक्षपूर्वक ऐकावे आणि आपल्या ओळीआधी बासरी वाजते की व्हायोलिन, हे पाठ करून ठेवावे. युगुलगीताने आरंभ केला तर ओझे निम्मे होते. फक्त पट्टी दोघांच्या गळ्यांचा विचार करून ठरवावी, एरवी पुरुषाची सोय पाहिली जाते आणि स्त्रीचा गळा ताणला जातो.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे मराठीतली निवड अवघड राहत नाही. पी. सावळारामांची गीते आणि वसंत प्रभूंच्या चाली हा पहिला खजिना. माहेर, सासर, आई, निरोप हे त्यांचे विषय; चाली साध्या, गुणगुणण्याजोग्या. लताबाईंनी त्या उंच पट्टीत गायल्या आहेत, म्हणून दोन-तीन घरे उतरवून घ्याव्यात. दशरथ पुजारी यांच्या चालींतही हाच मोकळेपणा आढळतो. याउलट हृदयनाथ मंगेशकरांच्या बहुतेक चाली ऐकताना मोहिनी घालतात आणि गाताना घाम काढतात; त्या पुढच्या वर्षांसाठी ठेवाव्यात. स्वर थोडे म्हणून गाणे सोपे, असेही समजू नये. ‘अमर भूपाळी’ या १९५१ सालच्या चित्रपटातील ‘घनश्याम सुंदरा’ आणि ‘भाभी की चूडियाँ’ या १९६१ सालच्या चित्रपटात सुधीर फडके यांनी बांधलेले ‘ज्योति कलश’ या दोहोंचा आधार भूपाचे पाच स्वर हाच आहे. पहिले गाणे अनेक घरांतल्या आजीबाईही म्हणतात. दुसऱ्यापुढे कसलेले गळेही सावध होतात. फरक पडतो तो स्वरांच्या संख्येने नव्हे. चाल किती लांब झेप घेते आणि किती वेळ वर राहते, यावर तो अवलंबून असतो.

याच पाच स्वरांवरून जपानी गाण्याकडे जाता येते. पाश्चात्त्य सप्तकातला चौथा आणि सातवा स्वर गाळून जपानात एक स्वरपंक्ती फार लोकप्रिय झाली. सा रे ग प ध हे तिचे स्वर, म्हणजे आपला भूपच. जपानी गाणे प्रथमच ऐकणाऱ्या मराठी कानाला ते पुष्कळदा ओळखीचे वाटते, याचे एक कारण हे असावे. भाषाही परकी वाटते तितकी अवघड नाही. जपानी शब्दांत बहुतेक प्रत्येक व्यंजनामागे स्वर असतो आणि सर्व अक्षरे मात्रांनी मोजली जातात. ‘तोक्यो’ या नावाच्या जपानीत चार मात्रा. मराठी छंदशास्त्राप्रमाणे दोन गुरू अक्षरांच्याही चारच. ‘निप्पोन’ म्हणताना जोडाक्षराची आणि शेवटच्या ‘न’ची मात्रा ते वेगळी मोजतात, आपणही जोडाक्षरामागचे अक्षर गुरू धरतोच. त्यामुळे देवनागरीत नीट लिहून घेतलेले जपानी गाणे आर्येच्या मात्रा मोजणाऱ्या समाजाला बिचकवण्याचे कारण नाही. पथ्य एकच, दीर्घ स्वर ऱ्हस्व करायचा नाही. तसे केल्यास अर्थच बदलतो.

ज्यांची मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जपानात आहेत, अशी मराठी घरे आज विरळ नाहीत. मुलाकडे गेलेल्या आईला तेथल्या मंडळींत बसून एखादे गाणे म्हणावेसे वाटले, तर सुरुवात कोठून करावी? क्यू साकामोतो यांचे १९६१ सालचे ‘उए ओ मुइते आरुको’ हे गाणे जगाला ‘सुकियाकी’ या नावाने ठाऊक आहे. १९६३ साली ते अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले होते. लय चालण्याची, आणि मध्ये एका ठिकाणी शब्दांऐवजी चक्क शीळ. ते पुरुषाचे गाणे असल्यामुळे पट्टी बदलून घ्यावी. ‘त्सुबासा ओ कुदासाइ’ हे १९७१ सालचे गाणे जपानी शाळांत समूहाने म्हणतात. जे मुलांना जमते ते मोठ्यांनाही जमावे. ओकिनावाच्या किरोरो या दोन मुलींच्या जोडीचे ‘मिराइ ए’ हे १९९८ सालचे गाणे आईला उद्देशून आहे. आणि ‘नादा सोसो’ हे रिओको मोरियामा यांनी आपल्या दिवंगत भावाच्या आठवणीने लिहिलेले गीत. रिमी नात्सुकावा यांच्या २००१ सालच्या ध्वनिमुद्रिकेने ते घरोघर गेले. ते संथ आहे, म्हणून श्वास सांभाळून दुसऱ्या पायरीवर घ्यावे. जिला एवढाही अभ्यास नको असेल तिने ‘लव्ह इन टोकियो’ या १९६६ सालच्या हिंदी चित्रपटातील ‘सायोनारा’ म्हणावे. जपानी श्रोत्यांना निदान एक शब्द तरी कळेल.

परंतु शेवटी प्रश्न जपानी की हिंदी की मराठी हा नाही. भिलईसारख्या गावी मराठी घरांतली तिसरी पिढी आता हिंदीत वाढते आहे. आजीच्या तोंडचे मराठी गाणे हाच तिचा मराठी काव्याशी उरलेला संबंध असतो. शाळेत ते शिकवले जात नाही, शेजारी बोलले जात नाही. ती आजी उत्सवात उभी राहून स्वतःच्या पट्टीत, न धापता, एखादे साधे भावगीत शेवटपर्यंत म्हणू शकली, तर खाली बसलेली नात ते ऐकते. घरी गेल्यावर त्याची एखादी ओळ गुणगुणते. तेच गाणे फसले आणि आजी गप्प झाली, तर त्या घरातून ते गाणे कायमचे जाते. सोप्या गाण्याचे मोल येथे कळते.

काही यंत्रे गाणे संपताच गुणही देतात. सूर मूळ चालीशी किती जुळला याचा तो हिशेब असतो. त्याकडे गमतीने पाहावे आणि पुढे जावे. अधिक उपयोगी कसोटी निराळी आहे. गाणे संपल्यावर गाणारीला पुन्हा एकदा म्हणावेसे वाटले तर निवड बरोबर होती, आणि माइक टाकून सुटलो असे वाटले तर ती चुकली होती. गावोगावच्या मंडळांनी कार्यक्रमाची नावे लिहून घेताना गाण्याच्या नावापुढे पट्टीसाठी एक रकाना ठेवला, आणि आठ दिवस आधी एका संध्याकाळी, प्रेक्षकांवाचून, प्रत्येकीला आपले गाणे एकदा म्हणून पाहू दिले, तर एवढ्यानेही बरेच साधेल. यंत्राला जे जमत नाही ते माणसांनी एकमेकांसाठी करावे. तेवढे झाले की कोपऱ्यात बसून नको नको म्हणणाऱ्या कितीतरी स्त्रिया उठून उभ्या राहतील.